सौद्यातली माया

गुंडप्पा, तू मला फसवलंस. एकदा नाही, ओळख झाली तेव्हापासून शेवटपर्यंत. मुरुडच्या बाजारात बैलांचा व्यापार करणारे जेवढे हेडी आहेत, त्यांतल्या प्रत्येकानं मला कधी ना कधी गंडवायला बघितलं आणि मी सगळ्यांना पुरून उरलो. तुझ्यावर मात्र माझं लक्षच नव्हतं. मला वाटायचं, तुला मीच फसवतोय.

तू जाऊन महिना होत आला. लोक तुला देवमाणूस म्हणून राहिलेत. मी ऐकून घेतो. मयताच्या घरी भांडू नये एवढं मलाही कळतं. पण तू देवमाणूस असतास तर मला एवढा राग आला नसता. देवाशी कोण भांडतं? तू व्यापारी होतास, माझ्या बरोबरीचा होतास. निदान मी तसं धरून चाललो होतो, आणि माझा सगळा हिशेब तिथंच चुकला.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल. मी तेव्हा मुदखेडहून यायचो, बाजारात दावी आणि कासरे विकायचो. बाप नव्हता, शेत नव्हतं, गळ्यात दोरांची वेटोळी होती. तू लिंबाखाली बसायचास, खांद्यावर उपरणं. माणसं येऊन तुझ्या उपरण्याखाली हात घालायची, थोडा वेळ गप बसायची आणि उठून जायची. कुणाच्या तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, ज्योतिषी आहे.

'भविष्य सांगता का?' मी विचारलं.

'बैलाचं सांगतो,' तू म्हणालास. 'माणसाचं लई अवघड.'

मग तूच मला बसवून घेतलंस. उपरणं माझ्या हातावर टाकलंस आणि खालून माझी बोटं धरलीस. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, हे जनावराकडं बघून दोघांनाही कळतं. बाजारातल्या बाकीच्या डोळ्यांना भाव कळू नये म्हणून वरून कापड. तोंडानं बोललेला भाव वाऱ्यावर जातो, हातानं बोललेला दोघांतच राहतो, म्हणून आपल्या धंद्यात हाताला मान. 'हात ढिला सोड,' तू म्हणायचास. 'आवळून धरला की समोरच्याला तुझी नड कळती.' मी आवळायचो, तू झटकायचास. पुन्हा धरायचास. सख्ख्या भावानं शिकवलं नसतं तेवढं तू मला शिकवलंस, आणि बदल्यात काय घेतलंस तर एक कासरा. तोही, म्हणालास, तुझ्या बैलाला हवाच होता.

पुढं मी तुझ्यासमोर उभा राहिलो. तू उदगीर-देवणीकडून बैल आणायचास, मी ते तुझ्याकडून घेऊन नांदेडकडं खपवायचो. तुला पहिल्यांदा हरवलं तो दिवस मला आत्ता जेवल्यासारखा आठवतो. उपरण्याखाली आपली बराच वेळ ओढाताण चालली होती. मी एका भावावर अडून बसलो. तू वर ढकलत होतास, आणि मग एकदम एक बोट सोडून दिलंस. कपाळाला आठ्या घातल्यास.

'लई कडक झालास रं नामदेवा. मला खायला उठलास.'

आजूबाजूचे हसले. त्या दिवसापासून बाजारात माझं नाव झालं. गुंडप्पाला नमवणारा एकच, मुदखेडचा नामदेव. नवी माणसं माझ्याशी बोलताना सावरून बसायला लागली. त्या नावावर मी नांदेडला जागा घेतली, बैल कमी झाले तेव्हा जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा टाकला, पोरीला शिकवलं. माझ्या पायाखाली जी जमीन होती ती हीच, की मी गुंडप्पाला हरवलंय. दुसऱ्यांचा पाया बापाच्या शेतात असतो. माझा तुझ्या उपरण्याखाली होता.

आणि आपलं ते भांडण. बैल टेम्पोत घालून आपण दोघं नांदेडला निघालो की अहमदपूरच्या पुढं तू भाकरी सोडायचास आणि मी तोंड. मी म्हणायचो, जगात सगळा सौदाच आहे. आई दूध पाजते ती पुढं पोरानं सांभाळावं म्हणून. बायको राबते ती घर आपलं व्हावं म्हणून. माया माया म्हणतात तो बी सौदाच, फक्त उपरण्याखाली चालतो, म्हणून लोकांना दिसत न्हाई.

तू चटणीचं बोट चाटत म्हणायचास, 'नामदेवा, तुला माया ह्या शब्दाचा अर्थच ठाऊक न्हाई.'

'मग तू सांग.'

'मला सांगता येत न्हाई. घरी येशील तवा काशीला विचार. तिला बराबर सांगता येतं.'

मी काशीवहिनींना कधी विचारलं नाही. बायकांना असलं काय विचारायचं, असं वाटायचं. दर खेपेला मीच बोलायचो, तू गप बसायचास आणि नांदेड यायच्या आत मी तेही भांडण जिंकलेलं असायचं.

एकदा मात्र मी गप होतो. माझी आई गेली तेव्हा तू मुदखेडला आलास. माणसं येत होती, तेच तेच बोलत होती. तू आलास, शेजारी बसलास आणि सवयीनं उपरणं आपल्या दोघांच्या हातांवर ओढलंस. मी वाट बघत होतो, कुठलं बोट धरतोस. तू कुठलंच धरलं नाहीस. नुसता हात हातावर ठेवून बसलास. बराच वेळ गेल्यावर मी म्हणालो, 'कशाचा भाव करून राहिलास?' तू म्हणालास, 'कशाचाच न्हाई. हात रिकामा होता म्हणून ठेवला.' मी तेव्हा रडलो, आणि उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले ते कुणाला कळलं नाही. तुझे उपकार मोजायला बसलो तर तो दिवस मी सगळ्यात वर ठेवीन. रागातसुद्धा तो खाली घसरत नाही.

आता त्या बाजाराकडं येतो. पेरणीच्या आधीचा बाजार होता. इस्लापूरकडच्या डोंगरउतारावर ट्रॅक्टर चालत नाही, तिथल्या माझ्या एका गिऱ्हाइकाला जोडी पाहिजे होती. म्हणजे सबब ती होती. खरं तर आता माझा सगळा धंदा फोनवर चालतो. ट्रॅक्टरचा फोटो जातो, तिकडून आकडा येतो, मी आकडा पाठवतो, झालं. त्यात धरायला कुणाचा हात नाही. वर्षातून एखाददुसरी जोडी मी तुझ्याकडून घ्यायचो ती धंद्यापेक्षा ह्या हातासाठी.

तुझी देवणी जोडी उभी होती. मी दात बघितले, खांदे बघितले आणि तुझ्याशेजारी बसलो. उपरण्याखाली हात दिला. तू माझी बोटं धरलीस, सोडलीस, पुन्हा धरलीस. चाचपडत होतास. मला वाटलं, मला खेळवतोयस. मग तू हात बाहेर काढलास. बाजारातल्या सगळ्यांच्या समोर काढलास आणि मोठ्यानं म्हणालास, 'ने नामदेवा. तुला काय द्यायचं ते दे.'

लोकांदेखत. तोंडानं. आपल्या धंद्यात ह्याच्याहून मोठा अपमान नाही आणि हे तूच मला शिकवलं होतंस. मागं कुणीतरी हसलं. म्हणालं, 'गुंडप्पानं खैरात काढली की. नामदेव, झोळी आणली का?'

मी उठलो. तुला काय म्हणालो ते तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही. तू खाली मान घालून बसलास. तेव्हा तरी बोलायचं होतंस. पुढच्या आठवड्यात जोडी टेम्पोत घालून माझ्या दारात पाठवलीस. मी टेम्पो फाटकातूनच परत लावला. आजही लावीन. ज्याला भाव नाही असं जनावर मी माझ्या दारात बांधत नाही. मग पाऊस आला, गेला. तुझा फोन आला नाही, माझाही गेला नाही. मी रोज ठरवायचो, आधी तू करशील.

फोन तुझ्या लेकाचा आला. बसवराज म्हणाला, 'काका, आप्पा गेले. सकाळी चहा घेता घेता.' मी मातीला आलो, मागच्या रांगेत उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता परत फिरलो. तेव्हाही रागातच होतो. माणूस मेला म्हणून भांडण मिटत नाही. उलट ते सगळंच्या सगळं एकट्याच्या अंगावर पडतं.

काशीवहिनींना भेटायला गेलो ते आठवड्यानं. ओसरीत बसून त्या शिवणाचं काम करत होत्या. मी काय बोलावं ह्याच्या विचारात होतो, त्यांनीच विचारलं, 'भावजी, राग गेला का?'

'न्हाई.'

'बरं झालं खरं बोललात. हे बी म्हणायचे, नामदेव राग सोडायचा न्हाई.'

'लोकांदेखत हात काढला त्यानं, वहिनी.'

'हात काढू न्हाई तर काय करावं? हातात काही उरलंच नव्हतं.'

मग त्यांनी सांगितलं. साखर वाढली होती आणि तुझी बोटं बधिर झाली होती. कप हातातून कधी निसटला ते तुला कळायचं नाही, फुटल्याचा आवाज आला की कळायचं. सदऱ्याचं बटण वहिनी लावून द्यायच्या. तू त्यांना शपथ घातली होतीस, बाजारात कुणाला सांगायचं नाही. हेड्याचा हात गेला म्हणजे काय राहिलं.

'बाजाराला न्हाई, मला तर सांगायचं.'

'तुम्हाला? तुम्ही त्यांना हैदराबादपतुर दवाखाने फिरवले असते. वरून डॉक्टरशी भाव केला असता.'

'केलाच असता,' मी म्हणालो.

त्या थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, 'त्या दिवशी बाजारातून आले आन् जेवले न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडले. म्हणले, काशी, नामदेवचा अंगठा कळंना गं मला.'

'माझा अंगठा?'

'तुम्हाला ठाऊक न्हाई व्हय? मला वाटलं, एवढ्या वर्षांत कळलं असंल.'

गुंडप्पा, मला हे तुझ्या बायकोकडून कळावं? भाव माझ्या शेवटाला येऊन टेकला, ह्याच्या वर मला परवडत नाही अशी जागा आली, की माझा अंगठा तुझ्या मनगटावर दाबला जातो. बोटं गप असतात, चेहरा कोरा असतो, अंगठा मात्र बोलून जातो. बाकी कुणाच्या ध्यानात हे आलं नाही, कारण इतकी वर्षं इतक्यांदा माझा हात धरलेला दुसरा कुणी नाही. म्हणजे माझ्या खिशाचा तळ तुला पहिल्यापासून दिसत होता. तुला तिथपर्यंत येता आलं असतं, सगळं खरवडून नेता आलं असतं. आणि तू काय करायचास, तर अंगठा दबला की तिथून मागं सरकायचास. एक बोट सोडायचास. आठ्या घालायचास. लई कडक झालास रं नामदेवा.

'कशाला?' मी वहिनींना विचारलं. माझा आवाज चढला होता, मला माहीत आहे.

'माया सोडायचे,' त्या म्हणाल्या.

'आता माया कशाला आणता मधी? मी धंद्याचं विचारतोय.'

'मी बी धंद्याचंच सांगून राहिले, माझ्या शिवणाच्या.' त्यांच्या मांडीवर लेकीचा झंपर होता, त्याची बगल त्या उसवत होत्या. पोरीचं अंग भरलं होतं, सैल करून पाहिजे होता. त्यांनी झंपर उलटा करून माझ्यासमोर धरला. शिवणीच्या आत दोन बोटं रुंद कापड दुमडलेलं होतं. 'ही बघा, ही माया. शिवताना कापड काठोकाठ कापायचं न्हाई, आत एवढं सोडायचं. बाहेरून दिसत न्हाई. अंगात घालणाऱ्याला बी ठाऊक नसतं. उद्या अंग भरलं की उसवून सैल करता येतं. ह्यांना मी हे लग्न झाल्या झाल्या दाखवलं होतं. तवापसून म्हणायचे, काशी, सौदा बी असाच शिवावा. काठोकाठ कापला तर माणूस दुसऱ्या बाजाराला फाटून येतो.'

मी तो झंपर हातात घेतला. आतलं कापड नव्यासारखं होतं. बाहेरचं उन्हानं, धुण्यानं विटलेलं, आणि आतल्या पट्टीवर मूळचा रंग तसाच. मला राग यायला पाहिजे होता आणि तो नीट येत नव्हता.

'सगळं शिकवलं मला त्यानं,' मी म्हणालो. 'तेवढं अंगठ्याचं का सांगितलं न्हाई?'

'सांगितलं असतं तर तुम्ही अंगठा आवळून धरला असता. मग ह्यांना तुमचं काय कळलं असतं?'

मी चहा न घेता उठलो. लातूरपर्यंत गाडी चालवली आणि मग रस्त्याच्या कडेला लावून बसलो. एकेक जोडी आठवत होतो. ती लाल शिंगांची, ती पांढरी-काळी, ती मारकी जी मी तुझ्याकडून मातीमोल घेतली म्हणून गावभर सांगितलं. प्रत्येक सौद्यात तू मला थोडी जागा सोडून उठला होतास, आणि मी ती जागा माझ्या हुशारीची समजत होतो. माझं जागेचं, ट्रॅक्टरचं, पोरीच्या शिक्षणाचं सगळं शिवण उलटं करून बघितलं तर आत तुझं कापड.

माझा शेवट ठाऊक असलेली माणसं मला आयुष्यात थोडी भेटली नाहीत. माझी नड कुठं आहे, मी कुठवर वाकेन, हे सावकाराला कळलं, भागीदाराला कळलं, नात्यातल्यांना तर सगळ्यात आधी कळलं. ज्याला कळलं तो नेमका तिथपर्यंत आला. दुसऱ्याचा शेवट ठाऊक असावा आणि तिथं कधीच पाऊल ठेवू नये, असं करणारा तू एकटा. मी टेम्पोत ज्या भांडणात दर खेपेला जिंकायचो, ते भांडण तू असं गप बसून रोज जिंकत होतास.

आणि हात बधिर झाल्यावर, माझा शेवट कुठं आहे हेच तुला लागेना. चुकून तिथवर पोचशील, चुकून मला काठोकाठ कापशील, ह्या भीतीनं तू कापडाचा अख्खा तागाच माझ्यापुढं टाकलास. तुला काय द्यायचं ते दे. लोक हसले. मीही तेच ऐकलं जे त्यांनी ऐकलं.

तरी मी म्हणतो, चूक तुझी. नुसतं 'हाताला मुंग्या आल्यात' म्हणायचं. मी तो हात दोन्ही हातांत धरून बसलो असतो, बाजार उठेपर्यंत.

घरी आल्यावर बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मी सरळ विचारलं, 'तुझं बी असंच हाय का?'

'कसं?'

'भांडणात मला जिंकू देतीस का?'

'आत्ता कळून राहिलं व्हय तुम्हाला?' ती म्हणाली.

'कुठल्या भांडणात?'

'ते सांगितलं तर मग काय राहिलं?' ती उठून आत गेली. मी काड्यांच्या ढिगापाशी बसून राहिलो. ह्या जगात मी नेमकं काय कमावलं आणि मला काय सोडून दिलं गेलं, हे आता कुणाला विचारायचं, असा माणूस मला राहिला नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे, गुंडप्पा. तू मला जिंकू दिलंस ते मी कसंबसं गिळीन. तू मला एकदाही तुझ्यासाठी हरू दिलं नाहीस, ते गिळता येत नाही. माझा अंगठा तुला कळायचा. तुझा हात मीही तितकीच वर्षं धरला, आणि तो बधिर झाला तरी मला कळू दिलं नाहीस. तुझं अंग कुठं भरलं, कुठं आवळलं, कुठं मी सोडायला पाहिजे होतं, एका शब्दानं बोलला नाहीस. माझ्यापाशीही कापड होतं. चांगलं, भरपूर, स्वतः कमावलेलं. मी कद्रू दिसतो म्हणून ते मागायचंच नाही का? माया करण्यात जे काही सुख असेल ते सगळं तू एकट्यानं घेतलंस, मला नुसतं जिंकण्यावर वाटेला लावलंस. ह्याला तू चोखपणा म्हणशील. मी ह्याला लबाडी म्हणतो, आणि चार माणसांत म्हणीन.

मला ह्याचा जबाब पाहिजे. काशीवहिनींकडून नको, त्यांनी त्यांचं सांगितलं. बसवराजकडून नको, त्याला ह्यातलं काही ठाऊक नाही. देवाला मी मध्ये घेत नाही, आपल्या सौद्यात तिसरा कधीच नव्हता. तुमच्या लोकांत माणसाला आडवं करत नाहीत. तुला बसवून नेलं आणि तुझ्याच शेतात बसवूनच माती दिली, मी मागच्या रांगेतून बघितलं. म्हणजे तू तिथं बसलेलाच आहेस, आणि मलाही आता कुठं जायची घाई नाही. मी येतो, समोर बसतो. माझी हरायची पाळी तू का खाल्लीस, तेवढं सांग. सांगितल्याशिवाय मी उठणार नाही.